जगिक गाण्यांचा धूर

सुवे, अशी जवळ ये बघू. आणि आधी कानातली ती पांढरी बोंडं काढ. म्हातारं माणूस बोलतंय आणि तुझा एक कान इकडं, एक तिकडं, हे काही बरं नाही. फोनवर "येते गं आजी, येते" म्हणून किती दिवस खेळवणार आहेस मला? कासारवाडी ते पुनावळे म्हणजे काय सातासमुद्रापलीकडचं अंतर आहे? तुझ्या त्या उंच बिल्डिंगच्या गच्चीवर उभी राहिलीस तर आमच्या घरावरची पाण्याची टाकी दिसत असेल. बघायचं मनात असलं म्हणजे झालं.

हे छापलेलं वाचणाऱ्यांना सांगायला हवं, सुवार्ता ही माझी मोठी नात. घरात सगळे तिला सुवी म्हणतो. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. पोरगी झालीय तिला. पोरगी आता मान धरायला लागली म्हणतात. म्हणतात असंच म्हणायचं, कारण मी तिला दवाखान्यात पाहिली तेवढीच. माझे गुडघे कामातून गेले, आणि हिचं पाऊल माझ्या दाराला लागत नाही.

परवा हिनं फोन केला. पोरगी कशी आहे, दूध पिते का, असं सगळं झालं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आजी, मी आले तर तू जगिक गाणी लावणार नाहीस ना? आमच्यात ऐकत नाहीत आता. बाळाच्या कानावर पडायला नकोत."

जगिक म्हणजे जगाची. ज्यात प्रभूचं नाव नाही ती सगळी. सिनेमातली, रेडिओवरची, हळदीतली, शेतातली, सगळी एका पोत्यात. मी एवढंच म्हणाले, "बघू." आणि फोन ठेवला. ठेवला, आणि त्या क्षणी नाकात तो वास आला. जळक्या प्लास्टिकचा. इतक्या वर्षांनंतरही येतो गं तो.

लेंट सुरू झालं की हे असं होतं माझं. लेंट म्हणजे आमचा ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ. बाहेर कडुलिंबाला मोहोर येतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटते, पोरांच्या परीक्षा जवळ येतात, आणि आमची पवना नदी जलपर्णीनं अशी गच्च भरते की वाटावं, गवताचं मैदानच आहे. संध्याकाळी तिच्यावरून वारा आला की वास येतो आणि मच्छर येतात. पूर्वी मला हा काळ फार आवडायचा, अगदी त्या वासासकट. एक प्रकारची शांतता असायची घरात. कारण आमच्या घरी लेंटमध्ये रेडिओसुद्धा उपास धरायचा.

तुझ्या आजोबांची पद्धत होती ती. लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, देवळातून म्हणजे चर्चमधून आले की कपाळावरची राख तशीच ठेवून ते टू-इन-वन पुसायला घ्यायचे. टेप आणि रेडिओ एकत्र असलेलं ते मशीन म्हणजे त्यांचा जीव. ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं, बटणांच्या खाचाखाचांतून. आणि मग माझ्या हातचं वेलबुट्टीचं झाकण त्याच्यावर घालायचे, अगदी झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसं. ईस्टरच्या पहाटेपर्यंत बंद. कुणी सांगितलं नव्हतं. देवळातल्या पाळकसाहेबांनी नाही, कुणीच नाही. मी एकदा विचारलं, "मटण सोडलंय ते पुरे नाही का?" तर म्हणाले, "मटण काय, मला तेवढं आवडतच नाही. जे आवडतं तेच बाजूला ठेवायचं, नाहीतर त्याला काय अर्थ?"

आता रेडिओ झाकला, पण तोंड कोण झाकणार? दाढी करताना हळूच शीळ यायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, लेंट चाललंय!" की तिकडून, "मला कळतंय गं, ओठांना कळत नाही!" जन्म प्रेसशॉपमध्ये गेला त्यांचा. दिवसभर पत्र्यावर धाडधाड. त्यात एक कान गेला. पण म्हणायचे, "ती मशीन पण ठेक्यात चालते, फक्त गाणारा नाही सापडत तिला." अशा माणसाला विचारायचं होतं कुणीतरी, जगिक काय आणि आत्मिक काय ते. हसला असता नुसता.

ईस्टरच्या पहाटे उपासना करून आलो की चहा ठेवायच्या आधी झाकण निघायचं. पहिलं जे गाणं लागेल ते लागेल. कधी बातम्याच लागायच्या! तरी ते डोळे मिटून ऐकायचे. आणि मला सांग सुवे, इतके दिवस आवर घालून मग ऐकलेलं गाणं, ते ज्याचं असेल त्याचं असो, माणसाला देवापासून लांब नेतं? मला तर तेव्हा वाटायचं, देव शेजारी खुर्ची ओढून बसलाय.

त्या कॅसेटची गोष्ट तुला पाठ आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगते. तुझा बाप लहान होता तेव्हाची. नाताळात आमच्या घरी भजन होतं. पेटी, ढोलकी, झांजा, दाटीवाटीनं बसलेली माणसं. तुझ्या आजोबांनी ऐन वेळी ठरवलं की टेप करायचं. कोरी कॅसेट कुठून आणायची? सणाचा दिवस, दुकानं बंद. मग काय, आवडत्या सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट काढली, तिच्या कडेच्या भोकांवर कागद चिकटवला, तसं केलं की पुन्हा टेप होतं, आणि तिच्यावरच टेप केलं सगळं. वरचं कव्हर तसंच राहिलं. कव्हरावर हिरॉइन, केस मोकळे सोडलेली, आणि आत आमचं भजन!

काय काय होतं तिच्यात! तुझ्या आजोबांचा खर्जातला आवाज. तुझ्या बापाचा खोकला. कुकरची शिट्टी, आणि पाठोपाठ माझं ओरडणं, "गॅस बंद करा कुणीतरी!" मागच्या रुळांवरून लोणावळ्याकडं जाणारी गाडी, तिचा आवाज येतो तसा सगळ्यांचा सूर आपोआप चढतो. आणि भजन संपलं, सगळे आमेन म्हणाले, की खट्, आणि पुढं सिनेमाचं गाणं, तेही मधूनच, अर्ध्या ओळीतून सुरू. कारण टेप करणं तिथं थांबलं होतं. आम्ही कधी बंद केलं नाही ते. भजन ऐकायचं आणि मग ते उरलेलं अर्धं गाणंही ऐकायचं, शेवटपर्यंत. तू लहानपणी माझ्या मांडीवर बसून वाट बघायचीस त्या खट्ची. आमेन झालं की टाळी वाजवायचीस, "आता बाईचं गाणं!"

आजोबा गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून तेवढंच राहिलं होतं घरात.

मग तुझी ती फेलोशिप आली, नव्या लोकांची प्रार्थनामंडळी. टायरच्या दुकानावरचा हॉल. मी एक-दोनदा आले होते तुझ्यासोबत, आठवतं? स्टेजवर दिवे, ड्रम, आणि ते ब्रदर, माइकला घुमारा लावून बोलणारे. साधं "बसा" म्हणाले तरी "बसा सा सा सा." मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. पण तू खूश होतीस. कंपनीत नवीन नोकरी, शिफ्टनं जीव मेटाकुटीला आलेला, तिथं तुला मैत्रिणी मिळाल्या. मी म्हटलं, जाऊ दे, पोरगी प्रार्थनेला जाते, कुठं वाईट ठिकाणी तर नाही.

पण एक सांगू? त्यांची गाणी ऐकून मला पहिल्यांदा शिसारी आली ती चालींची नाही. चाली तर थेट बाजारातल्या, मांडवात वाजतात त्याच. त्यालाही माझी ना नाही. आपल्या जुन्या भजनांच्या चाली तरी कुठून आल्या? जात्यावरून, तमाशाच्या फडावरून, शेताच्या बांधावरून. घेतल्या आपण. पण ज्याच्याकडून घेतलं त्याच्या अंगावर आपण थुंकत नव्हतो. यांनी चाल उचलायची, तिच्यात प्रभूचं नाव भरायचं आणि पुढच्याच मिनिटाला ज्याच्याकडून उचलली त्याला सैतानाचं पोर म्हणायचं. ही कुठली रीत? शेजारणीकडून विरजण आणायचं आणि तिच्याच दारात सांगायचं की तुझं दूध नासकं.

झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, त्याच्या आदल्या दिवशी या फेलोशिपवाल्यांनी ठरवलं होतं, घरं शुद्ध करायची. प्रत्येकानं घरातली जगिक वस्तू आणायची आणि जाळायची. मी महिला मंडळात होते. घरी आले तर शेजारची हमीदाभाभी दारातच. म्हणाली, "चाची, सुवी आली होती. माळ्यावरचं खोकं घेऊन गेली. मी विचारलं काय आहे, तर म्हणाली, आजीच्या घराचं ओझं आहे."

माझ्या घराचं ओझं.

हमीदाभाभीनंच रिक्षा थांबवली, आणि माझ्याबरोबर बसली. हॉलच्या मागं मोकळा प्लॉट होता. मध्यभागी पत्र्याचं पिंप, त्यात जाळ. पोरं कॅसेटी, सीड्या, कुठल्या कुठल्या सिनेमाची चित्रं टाकत होती. टाळ्या चालल्या होत्या, गिटार चाललं होतं. आणि धूर, बाई, तो धूर! काळा, तेलकट, चिकट. घशाला चिकटणारा. टेपच्या फिती आगीत कशा आवळतात पाहिलंय कुणी? किड्यांसारख्या वळवळतात. आणि गोळा होऊन चिकट थेंब गळतात.

मी पिंपाशी गेले आणि वर मला ते कव्हर दिसलं. मोकळ्या केसांची हिरॉइन. अर्धी जळालेली.

मी ओरडले, "सुवे, अगं त्यात आजोबा आहेत!"

तू पाहिलंस माझ्याकडं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुला आठवलं, त्या क्षणी. विसरली होतीस तू. त्या ब्रदरांनी कव्हरं बघून वस्तू काढायला सांगितल्या होत्या, आणि कव्हराच्या आत काय आहे ते आठवायला तुला कुणी सवडच दिली नव्हती.

आणि मग तो वास माझ्या पोटात गेला. मला आवरलं नाही. तिथंच पिंपाच्या शेजारी मी ओकले. हमीदाभाभीनं माझं कपाळ धरलं. आणि मागून माइकवरून आवाज आला, "पाहा! पाहा! या घरातला अशुद्ध आत्मा बाहेर पडतो आहे! म्हणा, हालेलुया!"

सगळे म्हणाले.

म्हाताऱ्या बाईला धुरानं ओकारी आली तर कुणी पाणी देतं. आमच्या प्रेसशॉपमधल्या कुठल्याही माणसानं दिलं असतं, मग तो देव मानणारा असो की नसो. तिथं स्वतःला 'प्रभूत नव्यानं जन्मलेले' म्हणवणारी इतकी माणसं उभी होती, आणि पाणी आणलं ते हमीदाभाभीनं, समोरच्या चहावाल्याकडून. परतताना रिक्षात ती म्हणाली, "चाची, हमारे में भी एक आता है, गाना हराम, ये हराम, वो हराम. इन दोनों को एक खोली में बंद कर देना चाहिए." मी रडत होते तरी हसले. म्हटलं, "भाभी, बंद करू नका, दोघांचं चांगलं जमेल!"

नंतर मी आपल्या जुन्या देवळातल्या पाळकसाहेबांकडं गेले होते. म्हटलं, साहेब, तुम्ही सांगा आता पोरांना, ख्रिस्ती माणसानं गाणी ऐकावी की नाही, आणि दुसऱ्याच्या घरातली जाळावी की नाही. साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे, बाई." त्यांची भीती मला कळत होती. पोरं आधीच तिकडं चाललीत, आपण काही बोललो तर उरलेलीही जातील. पण दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं असेल तर एका तरी बाजूनं बोला ना! मला त्या मचूळ उत्तराची ब्रदरांच्या धुराइतकीच किळस आली.

आता तू म्हणशील, आजी सगळ्या जगिक गाण्यांची बाजू घेते. छे गं. मागच्या उन्हाळ्यात मोशीच्या पुढं एका लॉन्सवर हळद होती, आपल्याच लोकांत. ट्रकभर डीजे. छातीत हादरे बसत होते. आणि शब्द काय? बाई म्हणजे ताटातली वस्तू, कुणीही यावं, उचलावी. त्या गाण्यावर शाळेत जाणारी एक चिमुरडी कंबर हलवत होती, आणि आपल्या देवळातले पंच, रविवारी दानपेटी फिरवतात ते, शिट्ट्या मारत होते. मला तिथंही तशीच किळस आली. म्हणून काय मी डीजे पेटवायला गेले? मी उठले, त्या पोरीचा हात धरला, म्हटलं, "चल बाळा, मला कुल्फी खायचीय, सोबत ये." बास. घाण गाण्याचं एवढंच करता येतं माणसाला. आपल्या माणसाला हाताला धरून तिथून बाजूला न्यायचं. त्या गाण्यात प्रभूचं नाव नव्हतं म्हणून ते घाण नव्हतं. त्यात बाईला माणूस समजलं नव्हतं, म्हणून घाण होतं. आणि त्याच कारणानं तुमच्या त्या प्लॉटवरची हालेलुयाही मला घाण वाटली. तिच्यात प्रभूचं नाव होतं, तरीही.

हे लिहिलंय ते लिहिलंय, खोडत नाही.

कुणाला वाटेल, म्हातारी शास्त्र शिकलेली नाही, हिला काय कळतं. खरंच नाही शिकले. सातवीपर्यंतची शाळा माझी. पण गाणं ऐकून उठल्यावर आपण घरातल्या माणसाशी कसे वागतो, एवढं मला कळतं. तुझे आजोबा रेडिओ ऐकून उठले की माझ्या हातातली बादली घ्यायचे. तुमचे ते लोक भक्तिगीतं गाऊन उठले आणि कुणाच्या घरात काय ऐकतात त्याच्या चौकशा करायला लागले. प्रार्थनेचा विषय म्हणून! "त्या बहिणीसाठी प्रार्थना करा हं, तिच्याकडं अजून टीव्ही चालतो." शी! याच्यापेक्षा जगिक आणखी काय असतं?

आणि आता अंगाई. तुझी आई मला सांगत होती, तुम्ही अंगाईसुद्धा म्हणत नाही म्हणे. फोनवर त्या फेलोशिपची गाणी लावून पोरीला झोपवता. अगं, अंगाईत कुणाचं नाव असतं? बाळाचं असतं. तुझा बाप पाळण्यात होता तेव्हा मी माझी मीच जुळवलेली म्हणायचे:

नीज नीज रे बाळा, भोंगा कंपनीचा झाला,
दमून भागून तुझा बाप पहिल्या पाळीवरून आला.

यात देव नाही. कंपनी आहे, भोंगा आहे, दमलेला बाप आहे. पण हे म्हणता म्हणता दारात सायकल लागायची, आणि मला असं भरून यायचं की आज हात, बोटं धड घेऊन आला माणूस घरी. प्रेसशॉपमध्ये रोज ते घडतंच असं नाही. ते भरून येणं कुणाच्या पायाशी जात होतं, सांग बरं? मला तर ठाऊक आहे.

तर माझं उत्तर हे. ऐकावं. निवडून ऐकावं, आवरून ऐकावं, लेंटमध्ये वाटलं तर झाकून ठेवावं. पण ते ज्याचं त्यानं, आपल्या हातानं. दुसऱ्याच्या माळ्यावर चढून नाही.

आता खरं बोलते, सुवे. इतका वेळ गाण्यांवर बोलले, पण तू माझ्याकडं येत नाहीस ते गाण्यांमुळं नाही. तुझ्या लग्नात भेटलो, दवाखान्यात भेटलो, दर वेळी माणसं होती भोवती, आणि तू माझ्या डोळ्याला डोळा लावला नाहीस. त्या दिवशी ब्रदर म्हणाले, म्हणा हालेलुया, तेव्हा मी ओणवी होते तरी मला ऐकू आलं. माझे दोन्ही कान चांगले आहेत. सगळ्यांत तुझाही आवाज होता. तू म्हणालीस.

तेच तुला गिळवत नाही ना? मग त्याच्यावर जगिकपणाचं झाकण कशाला घालतेस?

अगं, सवय असते तोंडाला. समोरून म्हणा म्हटलं की निघून जातं. तुझं वय काय होतं, भोवती गर्दी काय होती. राग आला मला, नाही कसा येईल? कितीतरी रात्री मी तुला मनातल्या मनात फाडून खाल्लं. त्या ब्रदरांचा राग अजून गेला नाही, जाईलसं वाटतही नाही, प्रभू बघून घेईल माझं. पण तुझा गेला. कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. एक दिवस बाजारात तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि घरी आल्यावर लक्षात आलं, अरे, राग कुठाय?

आजोबांचा आवाज गेला, तो काही परत येत नाही. मला वाटायचं, तो गेला की मी विसरेन. तसं झालं नाही. फक्त ऐकायला सोबत कुणी नाही. तुझ्याशिवाय त्या कॅसेटमधला कुकर कुणाला आठवणार? तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो, "होता का कुकर?" तुला आठवतं सगळं. म्हणूनच तर तू टाळतेस, आणि म्हणूनच मला तू हवीस.

आणि पोरीला घेऊन ये. माझे पाय तुझ्या पुनावळ्याच्या लिफ्टपर्यंत येत नाहीत, नाहीतर मीच येऊन बसले असते सोफ्यावर पाय पसरून. जावईबापूंना म्हणावं, दुपारी ऊन उतरलं की सोडून जा, संध्याकाळी न्यायला या, जेवण इथंच. तू दोन तास आडवी हो, बाळंतिणीला झोप मिळत नाही हे मला कळतं. तोवर पोरगी माझ्या मांडीवर. तिनं माझ्या लुगड्यावर शू केली तरी चालेल, आणि मी तिला काय म्हणून दाखवते ते तू पडल्या पडल्या ऐक. नाही आवडलं तर ओरड माझ्यावर, खुशाल ओरड. पण इथं येऊन ओरड. येत्या रविवारी ये गं. वाट बघते.